गाळावरची वाट

समुद्र इथून दोन घाट पलीकडे.
गोदावरी जन्मली ती त्याच्याकडे पाठ करूनच,
अजून वळून बघत नाही.
तरी खाणगाव थडीच्या या काठावर
थंडीत कुरव येतात,
खारट ओरडतात,
आणि मला उगाच वाटतं
मागे कुठेतरी भरती आली असेल.

निलगिरीची रांग संपते
तिथून वाट आवाज खाली घेते.
पुढे बाभळी. नुसत्या बाभळी.
शेंगा अजून राखी-हिरव्या,
कुणी घाईत मणी ओवून
दोरा तसाच सोडून दिल्यासारख्या.
पायाखाली मऊ.
माती नाही ही, गाळ आहे,
त्र्यंबकपासून धुवून आणलेला,
नाशिकच्या घाटांवरची राखसुद्धा
असणारच की यात.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते.
रोज सकाळी सात वाजता सायकलवरून यायचे
पाण्यातल्या खांबावरचा आकडा वाचायला.
वहीत चार रकाने:
दिनांक, वेळ, पातळी, शेरा.
धरण बांधलं पाणी अडवायला,
अडत गेला गाळ.
कचेरीत त्याला ‘घट’ म्हणत.
दर साली घट वाढे,
आणि अप्पा खालमानेनं लिहीत,
जणू घरातलीच तूट.

ती तूट आता गुडघाभर गवत झाली आहे.
वारा आला की सगळं कुरण
एका अंगावर वळतं,
पुन्हा सावकाश उताणं होतं.
पाणकणसाच्या आडून
जांभळी पाणकोंबडी निघते,
लाल पाय एकेक उचलून ठेवते
शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवरून
एखादी सासुरवाशीण जावी तशी.
दूर उथळ्यात चक्रवाकांची जोडी.
बाकी काही नाही.
काही नसण्याचा इतका मोठा आवाज
मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

अनसाबाई गांगुर्डे गवत कापत होत्या.
विचारलं, इथे एक दगडी खांब होता,
आकडे कोरलेला?
त्यांनी विळ्यानेच दाखवलं:
‘तो? त्याला मी म्हैस बांधते.’

वीतभर उरलाय वर.
‘२१’ मधला दोन झिजलाय,
एक शाबूत.
म्हैस रवंथ करत होती,
तिच्या श्वासाने दगड ओलसर.
बाकीचे सगळे आकडे,
अप्पांनी वाकून वाचलेले,
माझ्या पायाखाली, उभेच्या उभे.

त्यांची एक वही माझ्या पिशवीत आहे.
अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत
शेऱ्याचा रकाना कोरा,
कुठे ‘निरंक’, कुठे ‘पाऊस’.
फक्त एका जानेवारीत
पातळीच्या जागी रेघ,
आणि शेजारी बारीक अक्षरात:
‘खांबावर पक्षी बसला होता.
आकडा त्याच्या शेपटीखाली.
अर्धा तास थांबलो. उडाला नाही.’

खाली लाल शाईत साहेब:
‘पक्षी हाकलला का नाही?
खुलासा सादर करावा.’

खुलासा वहीत नाही.
आईला विचारलं होतं एकदा,
ती म्हणाली, त्या महिन्यात
एक दिवसाचा पगार कमी आला,
आणि हे जेवताना दोनदा हसले.
कशाला, ते सांगितलं नाही.

अनसाबाईंनी भारा बांधला,
मी उचलून डोक्यावर दिला.
‘कोणाच्या तुम्ही?’
‘पट्टी वाचणाऱ्यांची.’
‘हां,’ म्हणाल्या, ‘सायकलवाले,’
आणि गवतात शिरल्या.
थोडा वेळ फक्त भारा चालताना दिसला.

परतताना ऊन कलतं होतं.
कुरव गप्प.
निफाडच्या स्टँडवर बस लागली नव्हती,
बाकावर बसून मी
साडीच्या काठातली कुसळं वेचू लागले.
पाच-सहा काढली.
मग राहू दिली.